कुलपाआडचा पाला

नाशकात मला लोक दोन नावांनी ओळखतात. कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या बाई, आणि आमच्या सोसायटीत कचऱ्याच्या बाई. ओला नि सुका कचरा वेगळा केला नाही तर मी सरळ दारात जाऊन उभी राहते. त्यामुळे मला कुणी चहा विचारत नाही, पण डबे मात्र सगळे दोन ठेवतात. मला नियम आवडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. नियम पाळला की माणसांची निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत असं माझं मत आहे, आणि पन्नाशी उलटेपर्यंत त्या मताला कुणी धक्का लावला नव्हता.

म्हणून प्रदूषण नियंत्रण खात्यातून विचारणा झाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ठाणे जिल्ह्याच्या पार टोकाला, मोखाड्याच्या डोंगरात, एक छोटा कारखाना होता. पालापाचोळा, गवत, भाताचं तूस असला टाकाऊ माल दळायचा, दाबायचा आणि त्याचे मनगटाएवढे ठोकळे करायचे. त्याला पांढरा कोळसा म्हणतात. प्रत्यक्षात तो तपकिरी असतो, पण ते सोडून देऊ. भिवंडीचे कापड रंगवणारे कारखानदार तो बॉयलरमध्ये जाळतात. या कारखान्याची परवानगी संपत आली होती, ती पुढे वाढवायची का हे पाहायला समिती जाणार होती आणि तिच्यात बाहेरचा एक सदस्य लागतो. कचऱ्यातून इंधन! माझ्यासारखीला हे आमंत्रण म्हणजे माहेरचं बोलावणंच.

"मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात," शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

"जाऊ देत," मी म्हटलं आणि टोपी विकत आणली.

जव्हार

नाशिकहून त्र्यंबक, मग तोरंगणचा घाट, मग मोखाडा, मग जव्हार. म्हणजे जिथे कारखाना आहे तो मोखाडा ओलांडून पुढे जायचं आणि दुसऱ्या दिवशी जीपने परत मागे यायचं. समितीने जमायचं जव्हारला, असं कागदावर होतं. नियम आवडणाऱ्या बाईने यावर कुरकुर करू नये, पण मी घाटभर केली.

जव्हारला उतरल्यावर मात्र बरं वाटलं. पठारावरची हवा, संध्याकाळचा वारा, स्टँडच्या बाहेर करवंदांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं घेतली, आणि पहिल्याच मिनिटाला तो द्रोण माझ्या नव्या फिक्या साडीवर उलटला. डाग अजून आहेत. मी रिकामा द्रोण टाकायला कुंडी शोधत बाजारभर फिरले, आणि तेवढ्यात एका शेळीने तो माझ्या हातातूनच ओढून खाल्ला.

जिथे जाईन तिथला कचरा बघायची मला सवय लागलेली आहे. इथे बघायला फारसं काही नव्हतं. तेलाच्या डब्याचं माप झालं होतं, फाटक्या टायरच्या चपला झाल्या होत्या, भाजीचे देठ शेळ्यांनी आणि उसाची चिपाडं चुलीने नेली होती. गुटख्याच्या पुड्या तेवढ्या उरल्या होत्या. कचऱ्यावर चालणारा कारखाना या लोकांना परवडतो कसा, असा एक विचार मनात आला, आणि भुकेपुढे मागेही पडला.

विश्रामगृहात सावे भेटले. हे खात्याचे अधिकारी. वय पस्तिशीचं, शर्ट नीट खोचलेला, बोलणं हळू. नियमावली त्यांना पाठ होती आणि तरीही ती त्यांच्या पिशवीत होती. माझं त्यांच्याशी लगेच जमलं. तिसऱ्या सदस्यांनी प्रकृतीचं कारण कळवलं होतं. मे महिन्यात बऱ्याच जणांची प्रकृती ठाण्यातच बरी राहते.

मोखाड्याच्या पुढे

सकाळी जीपने निघालो. डोंगर पार उघडे पडलेले. सागाला पान नाही, ओढ्यात पाणी नाही, रस्त्याच्या कडेने हंड्यांची रांग. मधूनच उतारावर काळ्या, चौकोनी पट्ट्या दिसत होत्या, जमिनीला ठिगळं लावावीत तशा. काहींतून धूर निघत होता.

"वणवा?" मी विचारलं.

"राब भाजलेत," सावे म्हणाले. ते डहाणूकडचे, त्यामुळे त्यांना माहीत होतं. भाताचं आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप ज्या तुकड्यात करायचं, त्यावर शेण, बारीक फांद्या, पाला असे थर पसरतात, वर थोडी माती टाकतात आणि पेटवून देतात. जमीन भाजून निघाली की पावसाच्या तोंडावर तिच्यात बी टाकायचं. त्या रोपाला इकडे आवण म्हणतात. आवण झालं तर लावणी, लावणी झाली तर वर्षाचं अन्न. आमच्या नाशकात द्राक्षवाले जमिनीला नाना पावडरी चारतात. इथे तिला चक्क भाजतात, याची मला गंमत वाटली.

कारखाना सूर्यमाळच्या पायथ्याशी, रस्त्यापासून थोडा आत होता. पत्र्याची लांब शेड, एक धुराडं, आणि शेडच्या एका अंगाला छपरापर्यंत पोचलेला वाळक्या पाल्याचा ढीग. व्यवस्थापक शिरसाट फाटकापाशी उभे होते. भला माणूस. मालक वसईला असतो आणि हे एकटे वर्षभर इथे राहतात. त्यांनी काही लपवलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

पण लपवण्यासारखं काही नव्हतंच, सगळं डोळ्यांत जात होतं. अक्षरशः. पाला दळायच्या चक्कीपाशी इतकी धूळ होती की पलीकडची माणसं दिसेनात. बायांनी पदर तोंडावरून डोक्यामागे गुंडाळून बांधलेले, उघडे फक्त डोळे. चक्कीतली हवा गरगर फिरवून तिच्यातली धूळ खाली पाडणारं एक मोठं लोखंडी नरसाळं असतं. ते होतं, पण त्याची नळी काढून बाजूला टाकलेली होती. ओलसर पाल्याने ती सारखी तुंबायची, चक्की बंद पडायची, त्यात दिवसातून निम्मा वेळ वीज नाही. म्हणून तिला रजा. नवी, रुंद नळी वापीहून यायची होती. आणि या धुळीपासून हाताच्या अंतरावर माल सुकवायची भट्टी धडधडत होती. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही हे दृश्य बघून घाम फुटेल. बारीक कोरडी धूळ हवेत भरली आणि ठिणगी पडली, तर ती जळत नाही, फुटते.

सावे आणि मी एकमेकांकडे पाहिलं. चर्चा करायची गरज नव्हती. उत्पादन थांबवायचं, नळी बसवून दाखवेपर्यंत कारखान्याला कुलूप, आतला माल जागचा हलवायचा नाही. पंचनामा झाला, भट्टी विझवली, बायांना बाहेर काढलं. फाटकाला कुलूप घालून सावेंनी त्यावर लाखेचं सील लावलं. मला बरं वाटलं. खरंच वाटलं. त्या बायांच्या छातीत आणखी धूळ जाणार नव्हती.

पदर सोडवून एक बाई पुढे आली. तिशीची असेल, काटक, भुवयांवर धुळीचा थर. दोनदा खोकली आणि मग मला म्हणाली, "तू मोठी का तो मोठा?"

मी दचकले. नाशकात मला माझी नणंदसुद्धा अहो-जाहो करते. मग कळलं की इथल्या बोलीत कलेक्टरलाही तूच म्हणतात, त्यात उद्धटपणा नसतो.

"आम्ही दोघं सारखेच," मी म्हटलं.

"मंग तूच सांग. आमचा पाला कवा देशील?"

"कुठला पाला?"

"आतमदी हाय तो. निम्मा आमचा हाय."

तिचं नाव जानकी झुगरे. वरच्या पाड्यातली. पाड्यातल्या बायांनी डोंगरातून पाला गोळा करायचा, कारखान्याच्या ट्रॅक्टरने तो खाली आणायचा आणि कारखान्याच्या छपराखाली ठेवायचा, म्हणजे वणवा नको, शेळ्या नकोत. राब लावायचे दिवस आले की निम्मा पाला पाड्याने न्यायचा, निम्मा कारखान्याने दळायचा. एकाचा बैल आणि दुसऱ्याची जमीन असली की इथे अर्धेलीने शेती करतात. त्याच रीतीने त्यांनी कारखान्याशी अर्धेली केली होती.

"खरं आहे," शिरसाट म्हणाले. "तसंच ठरलंय. कागदावर नाही एवढंच."

"कागदावर सगळा माल कारखान्याचा आहे," सावे हळूच म्हणाले. "पंचनाम्यात सगळाच आला."

"नळी कधी येईल?" मी शिरसाटांना विचारलं.

"तीन आठवडे तरी लागतील."

जानकीने वर आभाळाकडे पाहिलं आणि चालायला लागली. तिच्यामागे बाकीच्या बाया.

पाडा

दुसऱ्या दिवशी आम्हाला पाड्यावर जायचंच होतं, कारण धुळीबद्दल शेजाऱ्यांचे जबाब घ्यावे लागतात. जीप निम्म्या वाटेत थांबली, पुढे चढ पायी. वर पोचेपर्यंत माझी टोपी, माझा श्वास आणि माझा दिमाख, तिन्ही गेली होती.

जानकीच्या अंगणात बसायला घोंगडी टाकली. तांब्याभर पाणी आलं. मी ते घटाघटा प्यायले आणि दुसरा तांब्या मागितला. तोही आला. मग समजलं की हे पाणी दरीतल्या झऱ्यावरून येतं, वाटीवाटीने हंडा भरतात आणि त्यासाठी आदल्या रात्रीपासून नंबर लागतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी आली तेव्हा मी पाण्याकडे बघायचंही टाळलं. भाकर मात्र अशी होती की मी लाज सोडून आणखी मागून घेतली. घरी आल्यावर नागली आणून करून पाहिली, तर तिच्या चिंध्या झाल्या.

आम्हाला कुणी दोष दिला नाही. तेच मला जास्त टोचत होतं. शेवटी मीच विषय काढला. पाला सगळाच राबात घालायचा, मग कारखान्याला द्यायचा कशाला?

यावर अंगणात खसखस पिकली. सगळ्यांच्या माना ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे वळल्या.

"हा माझा सासरा, लहानू," जानकी म्हणाली. "राखेचा कारखानदार. त्याला इचार."

लहानूबाबांनी बिडी विझवून कानावर ठेवली. "मी तुला एक इचारतो, बाय. राब भाजला का शेवटाला काय उरतं?"

"राख," मी म्हटलं.

"बघा!" म्हातारा मांडीवर थाप मारून ओरडला. "शिकलेली बाय, तीबी राखच बोलली! मी बोललो त आता मला येडा काढतात!"

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी कारखाना नवा होता. पांढरा कोळसा घेऊन भिवंडीला जाणारे ट्रक रिकामे परत यायचे, तर येताना बॉयलरमधली राख आणायला काय हरकत आहे, अशी कल्पना निघाली. शिरसाटांना पाला हवा होता. लहानूबाबांनी हिशेब मांडला: शेण वाचेल, फांद्या तोडायच्या वाचतील, धूर नाही, राखण नाही. पाला द्या, राख घ्या. शेवटी उरायची ती राखच. पाड्याला ते पटलं. मला सांगितलं असतं तर मलाही पटलं असतं, आणि वर मी त्यावर एखादा लेखही लिहिला असता.

सगळा पाला गेला. राख आली, पसरली, बी पेरलं, पाऊस आला.

"मग?" मी विचारलं.

"मंग गवत आलं," जानकी म्हणाली. "पयलं गवत आलं, त्याच्या मागून भात. कोणतं काय, वळखू येईना. भाजली नाय त जमिनीतलं गवताचं बी मरंल कशानं? भाकर थापली नि वरून राख टाकली, त ती भाजते का?"

पुन्हा हशा. पण जानकी हसली नाही. तिचं माहेर वांगणीचं, जव्हारच्या पलीकडे, वावर गावाच्या अंगाला. आवण गेलं तसं तिने माहेर गाठलं आणि भावाच्या राबातलं आवण मागून आणलं. जुड्या बांधून यष्टीच्या टपावर टाकल्या. जव्हारला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, ओला माल टपावर चालायचा नाही, खिडकीतून लोकांच्या अंगावर चिखल गळतो. त्याने नियम दाखवला. ही भांडली. एक गाडी गेली, दुसरी गेली. डेपोच्या उन्हात जुड्या पिवळ्या पडल्या. शेवटी एका ट्रकवाल्याने आणून सोडलं, पण निम्मं आवण मेलं होतं. त्या वर्षी त्यांच्या खळ्यावर भात आलाच नाही म्हणायचा. दिवाळीनंतर ती, नवरा आणि सासू विटांच्या भट्टीवर गेली. सासू तिथेच गेली, तापाने.

"औंदा मंग अर्धेली केली," ती म्हणाली. "आमी सगळ्यांनी बसून ठरवली. कारखाना पायजे आमाला, बाय. तिथं काम हाय, भट्टीवर जायला नको. पन राबबी पायजे. आवण दरसाली कोण देल? आता तू टाळा लावलास." मग खोकून, "धूळ लई हाय, ते खरं हाय."

समुद्राच्या बाजूने ढग यायला लागले होते. अजून पांढरे, हलके. पण वळवाची एक सर आली की पाला भिजतो, राब नुसता धुमसतो, जमीन भाजत नाही, हे आता मलाही कळत होतं. तीन आठवड्यांनी तो पाला दळायला चालला असता, भाजायला नाही.

उतरताना सावे पुढे होते, मी मागे. जबाबांचे कागद त्यांच्या पिशवीत होते. धूळ येते असं सगळ्यांनी सांगितलं होतं.

मोखाडा, विश्रामगृह

संध्याकाळी व्हरांड्यात बसून मी कारखान्याचा मूळ अर्ज पुन्हा वाचायला घेतला. चुकीच्या जागी कुलूप लावलं असं मला वाटत नव्हतं. त्या चक्कीपाशी मी पुन्हा उभी राहिले असते तर पुन्हा कुलूपच लावलं असतं. पण अंगणातल्या त्या बाईचं वर्ष माझ्या सहीखाली अडकलं होतं.

अर्जात पहिल्याच पानावर लिहिलं होतं: वापरायचा घनकचरा, पालापाचोळा.

"सावे," मी हाक मारली. "हा माल कच्चा माल आहे की कचरा आहे?"

ते बाहेर आले. "अर्जात कचरा आहे. म्हणून तर हा विषय आपल्याकडे आला."

"मग कचरा बंद कारखान्यात साठवून ठेवायची परवानगी आहे का? तोही भट्टीच्या शेजारी, उन्हाळ्यात?"

सावे खुर्चीत बसले. पिशवी उघडली नाही. "नाही. तो हलवायला लागेल."

"कुणी न्यायचा?"

"ज्याच्याकडून कचरा आला त्याने." मग त्यांच्या लक्षात आलं मी कुठे चालले आहे ते, आणि ते हसले. या दौऱ्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. पण लगेच त्यांनी मान हलवली. "विल्हेवाट कशी लावणार ते लिहावं लागतं, मॅडम. उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. आपणच लिहून देऊ का की घेऊन जा आणि जाळा?"

त्यांचं बरोबर होतं. मी स्वतः सोसायटीच्या माळ्याला वाळकी पानं जाळल्याबद्दल दोनदा फैलावर घेतलेलं आहे. मी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. तिथे कुणाचा तरी राब जळत होता आणि त्याचा धूर कोणत्याही धुराड्याला लाजवील असा होता.

"आधी वरून परवानगी तर मिळते का बघू," सावे म्हणाले. ते बाजारातल्या टेलिफोनच्या बूथवर गेले आणि माझा चहा गार व्हायच्या आत परत आले. "साहेब म्हणाले, कचरा आहे ना, मग काढा लवकर, आग लागली तर कोण निस्तरणार. म्हणाले, तेवढा रकाना नीट भरा."

रकाना तसाच कोरा राहिला.

पुन्हा फाटकापाशी

पाड्यावर निरोप गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा बाया आधीच येऊन बसल्या होत्या, लहानूबाबा होते, शिरसाट ट्रॅक्टर घेऊन उभे होते. सावेंनी सील तपासलं, पंचांना दाखवलं, तोडलं. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी जानकीला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज एकदम सरकारी झाला.

"बाई, हा कचरा तुम्ही नेणार. त्याचं काय करणार ते मला लिहायचं आहे. नीट विचार करून सांगा."

तिने भाजणार म्हटलं असतं, तर या माणसाने ते लिहिलं नसतं आणि खोटंही लिहिलं नसतं.

जानकीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "काय करनार? भात करनार."

सावेंनी कागद सरळ केला. मग त्यांनी लिहिलं. मी वाकून पाहिलं. विल्हेवाटीची पद्धत: शेतीसाठी उपयोग. तयार होणारी वस्तू: भात व नागली. अक्षर अतिशय सुंदर होतं. खाली त्यांनी सही केली, मी सही केली, जानकीने अंगठा न देता सही केली, हळूहळू, प्रत्येक अक्षर वेगळं काढून.

पाला भरायला सुरुवात झाली. लहानूबाबांनी आधी ढिगाच्या दोन्ही टोकांना जाऊन पाहिलं, वर-खाली नजर फिरवली, आणि काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. मला वाटलं माणसांच्या उभं राहायच्या जागा ठरवताहेत. बाया भारे बांधत होत्या, ट्रॅक्टर वर जात होता, येत होता. मीही चार भारे उचलायला मदत केली. माझ्या साडीवरच्या करवंदांच्या डागांना सोबत मिळाली.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा बायांचे हात थांबले. ढीग निम्मा झाला होता, रेघेपर्यंत. जानकीने पदराने तोंड पुसलं.

"चला, झाला," ती म्हणाली.

"झाला कसा?" सावे म्हणाले. "आदेशात सर्व कचरा लिहिलंय. सगळाच नेता येईल तुम्हाला. कारखान्याची काही हरकत नाही. विचारा शिरसाटांना."

शिरसाटांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरून ते वसईला काय सांगायचं याच्या विवंचनेत दिसत होते, पण मान डोलावली.

"निम्मा त्याचा हाय," जानकी म्हणाली.

"आज न्याल तर राब दुप्पट होईल तुमचा," मी म्हटलं. मला तो सगळा पाला तिला द्यावासा वाटत होता. गेल्या वर्षाचं काहीतरी तिला भरून द्यावं असं वाटत होतं.

"आन कारखाना चालू झाला का तो काय दळंल?" तिने मलाच विचारलं. "अर्धेली हाय, बाय. ठरलंय."

बाकीच्या बायांनी उरलेले दोर गुंडाळायला घेतले. हा प्रश्नच त्यांच्यात कुणाला पडलेला नव्हता. लहानूबाबा काठी घेऊन चालूही लागले होते.

सावेंनी आदेशाचा कागद पुन्हा बॉनेटवर ठेवला. "मॅडम, आता हा दुरुस्त करावा लागेल. सर्व खोडून निम्मा. आणि उरलेला भट्टीपासून लांब, पलीकडच्या भिंतीला हलवून घेतो, शिरसाटांची माणसं आहेत. पण दुरुस्तीचं कारण लिहायला लागतं. काय लिहू?"

आयुष्यभर मी कागदावर जे नाही ते नाहीच असं मानत आले आहे.

"तसं ठरलं होतं," मी म्हटलं. "एवढंच लिहा."

त्यांनी लिहिलं. मग कुलूप पुन्हा लागलं, लाख तापवली गेली, सील झालं. आत उरलेला पाला कुणाचा हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

परतीची बस मोखाड्याहून सुटली तेव्हा सूर्यमाळच्या बाजूला उतारावर धूर दिसत होता. तो जानकीचाच राब असेल असं नाही, पण मी तसं धरून चालले. घाटात पोचेपर्यंत आभाळ काळवंडलं आणि टपोरे थेंब पडले. मी खिडकीतून डोकं काढून मागे बघत राहिले आणि कंडक्टरची बोलणी खाल्ली.

हे लिहिते आहे तेव्हा पाऊस स्थिरावला आहे. परवा सावेंचा फोन आला. नळी बसली, त्यांनी चक्कीपाशी उभं राहून पाहिलं, पलीकडच्या माणसाचे दात दिसत होते म्हणाले. कारखाना सुरू झाला. सील काढलं तेव्हा निम्मा पाला भिंतीशी जसाच्या तसा होता. आणि वर पाड्यावर आवण वीतभर आलंय, दाट, गवताची काडी नाही.

"तुमच्यासाठी एक निरोप आहे," सावे म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "जानकीबाई म्हणाल्या, आवण लावून उरणार आहे. गेल्या साली भावाने दिलं होतं, ते वांगणीला परत पोचवायचं आहे. तर त्या बायला सांगा, यष्टीवाल्याला चिठ्ठी लिहून दे, टपावर आवण चालतं म्हणून."

माझा एसटीशी काडीचाही संबंध नाही. टपावर काय न्यावं आणि काय नेऊ नये हे सांगायचा मला कोणताही अधिकार नाही, आणि ओल्या मालाबद्दल त्या कंडक्टरचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. मी कोरा कागद घेतला, "संबंधित वाहकांस" असं वर लिहिलं, सदर माल अत्यंत तातडीचा असून जव्हारच्या पलीकडे वाट पाहिली जात आहे असं खाली लिहिलं, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन त्यावर शिक्काही मारला.